ओळखकवच

हेलसिंकी विमानतळावरच्या औषध-तपासणी कक्षात डॉ. मृणाल टिपणीस नवऱ्याच्या हातांकडे बघत बसली होती. पराग रुमालाने सारखे तळवे पुसत होता. सरळ माणसाला एवढा घाम कशाला फुटावा?

विमानात बसल्यापासूनच तिच्या मनात पाल चुकचुकत होती. पुढच्या रांगेतला टोपीवाला सारखा मागे वळून बघायचा. चहाला कसलासा वास येत होता. आणि पराग एक निळी पिशवी छातीशी धरून झोपेचं सोंग करत होता. आता ती पिशवी टेबलावर उघडी पडली होती. आत साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची डबी, वर परागचं नाव.

"ब्लडप्रेशरच्या आहेत," असं त्याने विमानात सांगितलं होतं. ठार खोटं. या वयातही त्याचं ब्लडप्रेशर कॉलेजातल्या पोरांना लाजवील असं होतं.

औषध-निरीक्षक साल्मीबाईंचं बोलणं मृणालच्या कानातली दुभाषी कुडी मराठीत सांगत होती, अगदी पाठ्यपुस्तकातल्या मराठीत. "हे औषध मेंदूवर परिणाम करते. ते बाळगणाऱ्याचेच आहे हे सिद्ध न झाल्यास औषध आणि प्रवासी, दोघेही परत जातील."

ईरा, मृणालची इथे हेलसिंकीत राहणारी लेक, आजउद्या बाळंत होणार होती. बॅगेत डिंकाचे लाडू होते.

"मृणाल, तू बाहेर बस. मी बोलतो यांच्याशी," पराग घाईघाईने म्हणाला.

"का? मी इथेच थांबणार." ती साल्मीबाईंकडे वळली. "सिद्ध करणं सोपं आहे. या गोळीला ओळखकवच आहे. ते मीच तयार केलंय, निम्मं आयुष्य त्यात गेलं माझं. प्रत्येकाच्या लाळेत रेणूंचा मेळ निराळा असतो. ज्याच्यासाठी गोळी केली त्याच्याच लाळेत कवच विरतं. दुसऱ्याने गिळली तर जशीच्या तशी बाहेर पडते. आमच्याकडे एकाला लागू पडलेली गोळी मावशीला, शेजाऱ्यांना, व्याह्यांना वाटत सुटतात. म्हणून हा खटाटोप."

"ते फसू शकते का?"

"फसवून दाखवा," मृणाल छातीठोकपणे म्हणाली.

परागची लाळ काचेच्या बशीत आली, तीत गोळी पडली. बराच वेळ गेला. गोळी ढिम्म.

"बघितलंत? याच्या नाहीतच!" मृणालला भीतीबरोबर एक विचित्र आनंदही झाला. "कोण आहे ती, पराग? गॅलरीत जाऊन जिच्याशी कुजबुजतोस ती?"

"डॉक्टर वाकणकरांशी बोलतो मी."

"म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरलाही सामील करून घेतलंस!"

साल्मीबाईंनी दुसरी बशी पुढे सरकवली. "जोडप्यांच्या डब्यांची अदलाबदल होते. तुमचीही लाळ द्या."

"मी कसलंच औषध घेत नाही हो. सकाळी चमचाभर मोरावळा, बस्स. तोही कालपासून नाही. याने बरणी मोठ्या बॅगेत टाकली."

तरीही तिने लाळ दिली. गोळी बशीला टेकली आणि बघता बघता विरून गेली.

पराग खालच्या मानेने सांगू लागला. "लॅबमधल्या मुलांवर तू चोरीचा आळ घ्यायला लागलीस ना, तेव्हापासून वाकणकरांनी संशयावरच्या या गोळ्या दिल्यात. औषधाचं नाव काढलं की विष म्हणायचीस. म्हणून कागद माझ्या नावावर केले. लाळ तुझ्या ब्रशवरची. रोज मोरावळ्यातून देत होतो. पुण्याच्या विमानतळावर बरणी हातात नेऊ देईनात, तिथे सगळं फसलं."

म्हणजे तो लपवत होता, ही शंका खरीच होती! मृणालला त्याचा भयंकर संताप आला. पाठोपाठ मन कामाला लागलं: बशी बदलली असेल. ही बाईही त्याला सामील असेल. टोपीवालासुद्धा.

पण कवच? ते कोणाला सामील होणार? कवच फितूर मानायचं तर निम्मं आयुष्य खोटं, नाहीतर हे टोपीवाले, हे वास खोटे. आणि गोळी घेतली की शंका जाणार, मग त्या खऱ्या होत्या की खोट्या हे तपासायला शंकाच उरणार नाही. एवढा साधा प्रश्न तिला कवच बनवताना कधी पडला नव्हता.

"हे औषध माझे आहे, असे रुग्णाने स्वतः म्हणावे लागते," कुडी म्हणाली. "नाहीतर परतीचे विमान."

मृणालने डिंकाच्या लाडवांची बॅग जवळ ओढली.

"माझं आहे," ती म्हणाली.

परागने सुटकेचा निःश्वास टाकला. "बॅग मिळाली की मोरावळ्यातून देतो."

"मोरावळा नको. नुसती दे."

त्याने गोळी तिच्या तळव्यावर ठेवली. त्यात विष आहे याची तिला पक्की खात्री होती. तिने डोळे मिटले आणि गोळी जिभेवर ठेवली.