भैरोंटेकडीचं कोरं रीळ

"माझं रिंगण नेलं," म्हातारा म्हणाला, "आणि आता त्याचे फोटोही नेले."

राघवने हातातला समोसा बशीत ठेवला. रिंगण कसं नेतात हे काही त्याला कळेना. खरं सांगायचं तर रिंगण हा शब्दच त्याला धड ठाऊक नव्हता. पोरगा दिल्लीत जन्मला, दिल्लीत वाढला. मराठी आईशी बोलण्यापुरती.

"बसा," शुभदा फडणीस म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."

शुभदाबाईंचं ऑफिस करोल बागेत, मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात उमेदीची वर्षं गेली, आता खाजगी तपास करतात; राघव त्यांचा मदतनीस. बहुतेक गिऱ्हाइकं मुलीसाठी बघितलेल्या स्थळाची चौकशी करायला येतात. हा म्हातारा त्यातला नव्हता. 

नाव नरसिंहराव उमरेडकर. सरकारी खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर द्वारकेत भाड्याचा फ्लॅट घेऊन बायकोसोबत राहत होते. मेट्रो तिकडे अजून कागदावरही धड नव्हती, त्यामुळे दोन बस बदलून आले होते.

"आमच्या नागपूरकडे शेताशेतांतून दगडांची वर्तुळं असतात," ते सांगू लागले. "फार पूर्वीच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांभोवती मांडलेली. लहानपणी त्यांत खेळलोय मी. गेल्या वर्षी गुडगावच्या पलीकडे फिरत होतो, तर भैरोंटेकडीवर तसंच रिंगण. पुरुषभर उंचीचे उभे दगड. कुठल्याच नकाशात नाही. आता त्या टेकडीवर 'शिखरविहार' नावाची नवी वसाहत होतेय. मी पुरातत्त्व खात्यात अर्ज केला. साहेब म्हणाले, रिंगण आहे याचा पुरावा आणा, खोदकाम थांबवतो."

"म्हणून तुम्ही फोटो काढले."

"गुढीपाडव्याला. साधा प्लास्टिकचा कॅमेरा, पण दगड कुठे हलतात? आठवड्याभराने पुन्हा गेलो तर टेकडी सपाट. बुलडोझर फिरवला होता. वरचे दगड गेले, पण खालची माणसं तिथेच आहेत, बाई. परवा सुनावणी. फोटो दाखवले तर पाया खणणं थांबेल. नाहीतर ती सगळी हाडं मातीबरोबर ट्रकमध्ये जातील."

त्यांनी पाकिटातून निगेटिव्हची पट्टी आणि एकच छापील फोटो काढला.

"पहिला फोटो आमच्या देवघराचा, तेवढा आला. पुढे सगळं कोरं. हा माझ्या भाच्याचा उद्योग आहे. त्याला घरात पाऊल टाकू नको म्हणून सांगितलंय."

शुभदाबाईंनी पट्टी खिडकीसमोर धरली. पहिला चौकोन सोडला तर ती नारिंगी काचेसारखी स्वच्छ होती, पलीकडची फळवाल्याची गाडी तिच्यातून दिसत होती. 

"देवघर कशासाठी?"

"आमची रीत आहे. माझी बोटं सुजतात, म्हणून रीळ घालायचं काम गिरिजाचं. ती रीळ घालते, पहिला फोटो देवाचा काढते आणि मग कॅमेरा माझ्या हातात. पाडव्याला सकाळी तसंच केलं."

"रीळ आत अडकलं असेल, पुढे सरकलंच नसेल," राघव म्हणाला.

"अहो, नकाशेवाला माणूस मी. रीळ सरकलं की डावीकडची कळ फिरते. दर फोटोला बघत होतो."

"नंतर कॅमेरा कुठे होता?" शुभदाबाईंनी विचारलं.

"कपाटात. पाडव्याला दुपारी मुलगा जेवायला आला, नीरज. संध्याकाळी वसाहतीचा माणूस आला, खुराना, मिठाईचा डबा घेऊन. मला गोड बोलून अर्ज मागे घ्यायला लावायला. रात्री मला ताप भरला. दुसऱ्या दिवशी भाचा आला, सुयश. त्यानंतर घरात कोणी फिरकलं नाही. मी अंथरुणाला खिळलेलो. पंचमीला उठलो, रीळ गुंडाळलं आणि इथल्याच स्टुडिओत दिलं."

शुभदाबाईंनी फोटो राघवकडे दिला.

"देव आहेत," राघव म्हणाला. "छोटासा पितळी झोपाळा, त्यात एक मूर्ती, गळ्यात मोगऱ्याची माळ. क्यूट आहे यार."

शुभदाबाईंनी फोटो पर्समध्ये टाकला आणि पदर खोचून उठल्या.

सुयशची खोली जवळच होती. वर्ध्याकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलेला मुलगा, गालफडं बसलेली, टेबलावर पुस्तकांची चळत. मामाचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला.

"कॅमेरा माझ्याच हातून उघडला, ताई. मागचं झाकण खाडकन निघालं. लगेच लावलं, पण उजेड गेला तो गेलाच. मामांना त्याच दिवशी सांगितलं असतं, पण ते तापात बरळत होते. मग हिंमत झाली नाही. त्याच संध्याकाळी मित्रांबरोबर पानिपतला गेलो. आलो तोवर रीळ धुऊन झालेलं, मग मामांना सांगून टाकलं."

"दिल्लीत आणखी कोणी नातेवाईक?"

"नाही. दर रविवारी जेवायला मामीकडेच जायचो." त्याने मान खाली घातली. "आता मेसमध्ये जातो."

टेकडीखालच्या तंबूत खुराना पंख्यासमोर बसला होता. मागे सपाट केलेल्या टेकडीवर पिवळं यंत्र उभं होतं. 

"पत्थर थे, हटा दिए," खुराना म्हणाला. "फोटो चुराने की मुझे क्या ज़रूरत, मॅडम? उमरेडकर साहब के घर मैं मिठाई लेकर गया, चाय पी, आ गया. कैमरा देखा तक नहीं." त्याने राघवपुढे पेढे सरकवले. राघवचं लक्ष मात्र तंबूच्या खांबाला टांगलेल्या किल्ल्यांच्या साखळ्यांकडे होतं. प्रत्येकीला इमारतीच्या आकाराचा पितळी तुकडा.

"ये की-चेन एक मिलेगी?"

"ना जी. ये सिर्फ़ बुकिंग वालों के लिए है."

परतताना राघव म्हणाला, "साफ दिसतंय, ताई. फायदा कोणाचा? खुरानाचा."

"फायदा फोटो नसण्यात आहे. खुरानाच्या हातात कॅमेरा पडला असता तर तो कॅमेराच घेऊन गेला असता. इतकी नजाकत त्याच्यात नाही."

नीरज गुडगावच्या काचेच्या इमारतीत संगणकावर काम करत होता. गळ्यात कंपनीचा पट्टा, दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे नजर.

"बाबांना दगडांचं पडलंय," तो म्हणाला. "बिल्कुल स्पष्ट सांगतो, मला त्यात इंटरेस्ट नाही. पाडव्याला जेवलो आणि निघालो. त्याच रात्री बंगलोरला फ्लाइट होती. आठ दिवस तिकडेच होतो."

"तुमचं घर?"

"भाड्याचं. सध्या." एवढं बोलून तो मीटिंगला गेला.

द्वारकेला गिरिजाबाईंनी दारातच हात धरून आत नेलं. चौकशी राहिली बाजूला, आधी आंब्याची डाळ आणि पन्हं समोर आलं.

"तृतीयेला गौर बसवली, आता अक्षय्य तृतीयेपर्यंत बसेल," त्या म्हणाल्या. "दिल्लीत हळदीकुंकवाला येतंय कोण? पण डाळ तर करायलाच हवी. घे रे बाळा, लाजू नकोस."

राघवने डाळ दोनदा मागून घेतली.

"कॅमेऱ्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" शुभदाबाईंनी विचारलं.

"मला त्यातलं काय कळतंय. रीळ घालायचं तेवढं ह्यांनी शिकवलं. सुयशच्या हातून झालं असेल, लेकरू आहे. ह्यांनी एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं." त्यांनी डोळे पुसले. "रात्री उठून बसतात. जेवत नाहीत. त्या मेलेल्यांच्या पायी हा जिवंत माणूस जायचा."

पन्ह्याचा पेला ठेवायला शुभदाबाई स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिज उघडून त्यांनी गार पाणी घेतलं. 

"रिळं फ्रिजमध्ये ठेवता ना तुम्ही? आमच्याकडेही ठेवतात."

"हो, ह्यांनी जोडीने आणलेली. एक असेल बघा दाराच्या कप्प्यात."

कप्प्यात लिंबं होती आणि सायीची वाटी. शुभदाबाईंनी फ्रिजचं दार लावलं. गिरिजाबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. त्यात एक इमारतीच्या आकाराचा पितळी तुकडा लटकत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शुभदाबाईंनी सगळ्यांना द्वारकेलाच बोलावलं. नीरज दाराशी उभा राहिला. सुयश मामाची नजर चुकवत स्टुलावर टेकला. सुनावणी उद्यावर आली होती.

"आधी सुयशचं," शुभदाबाई म्हणाल्या. "रिळावर उजेड पडला तर धुतल्यावर ते काळं होतं. ही पट्टी काचेसारखी आहे. म्हणजे हिच्यावर उजेड पडलाच नाही. सुयशने झाकण उघडलं त्या रिळाचे दोन-चार फोटो गेले असतील, बाकीचे शाबूत राहिले असते. ही पट्टी त्या रिळाची नव्हेच."

नरसिंहरावांनी भाच्याकडे बघितलं. सुयशने पहिल्यांदाच मान वर केली.

"रीळ पुढे सरकलं नाही म्हणावं, तर तुम्ही दर फोटोला कळ फिरताना बघितलीत. टेकडीवर गेलेलं रीळ ठीक होतं. ते बदललं गेलं."

"पण पहिला फोटो आमच्याच देवघराचा आहे," नरसिंहराव म्हणाले. "पाडव्याच्या सकाळचा."

"तिथेच सगळे फसले. तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला दिसलं नाही, आणि राघवला दिसलं पण कळलं नाही." शुभदाबाईंनी फोटो टेबलावर ठेवला. "अन्नपूर्णा झोपाळ्यात आहे. चैत्रगौर बसते तृतीयेला. पाडव्याला ती नेहमीच्या जागी, बाकीच्या देवांत असणार. हा फोटो तृतीयेनंतरचा आहे. तेव्हा नीरज बंगलोरला होता, सुयश पानिपतला आणि खुराना पुन्हा आलाच नाही. फोटो या घरातला, म्हणून स्टुडिओवाल्याचाही हात नाही."

शुभदाबाई नरसिंहरावांकडे वळल्या.

"तुम्ही तापात होता. घरात दुसरं रीळ होतं, ते आता नाही. आणि रीळ घातलं की पहिला फोटो देवाचा काढणारं माणूस या घरात एकच आहे."

नरसिंहरावांनी बायकोकडे बघितलं नाही. ते जमिनीकडे बघत राहिले.

"टेकडीवर नीरजने फ्लॅट घेतलाय," शुभदाबाई हळू म्हणाल्या. "किल्ल्यांच्या जुडग्यातली ती साखळी ज्यांचं बुकिंग आहे त्यांनाच मिळते. नरसिंहरावांना हे सांगितलेलं नाही."

"मीच आईला म्हटलं, बाबांना सांगू नकोस," नीरज म्हणाला. "फोटोंचं मला माहीत नव्हतं. आई, खरंच?"

गिरिजाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"लग्न झाल्यापासून क्वार्टर, आणि क्वार्टर सुटल्यावर भाड्याची घरं," त्या म्हणाल्या. "दर वेळी देव फडक्यात बांधायचे आणि दुसऱ्यांच्या भिंतीत खिळा ठोकायचा. मला थकायला झालंय हो. त्या मेलेल्यांना इतकी वर्षं एक जागा मिळाली. मला मरेपर्यंत मिळू नये?"

"माझ्याशी बोलायचंस, गिरिजा."

"तुम्ही दगडांशिवाय कशावर बोलत होता? चतुर्थीला तुम्ही झोपला होता. नवं रीळ घातलं, भिंगावर हात ठेवला आणि खटके दाबले. पण पहिला देवाचा काढल्याशिवाय हातच पुढे जाईना."

"खरं रीळ कुठे आहे?" शुभदाबाई पुढे वाकल्या. "गुंडाळून घेतलं होतंत ना? आज संध्याकाळपर्यंत धुऊन होईल. उद्या फोटो हातात असतील."

"आहे की. फेकीन कशी? सुनावणी झाली की परत ठेवणार होते."

नरसिंहराव ताडकन उठले. गिरिजाबाई आत गेल्या, तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला. त्या परतल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत तपकिरी पट्टीचं मोकळं भेंडोळं होतं. डबी नव्हती.

"हे बाहेर कोणी काढलं?" नरसिंहरावांचा आवाज फाटला.

"मीच. म्हटलं, एकदा बघावं तरी. ज्यांच्यापायी माझा माणूस तापात बरळतो, ते दगड दिसतात तरी कसे. गच्चीत नेऊन उन्हात धरलं, इकडून तिकडून सगळं बघितलं. काही नव्हतं हो त्यावर. एकसुद्धा दगड नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तुमचे फोटो आलेच नव्हते, मग मी चोरलं तरी काय?"

"मामी," सुयश उठला, "न धुतलेल्या रिळावर काही—"

"सुयश, बस," नरसिंहरावांनी त्याला तोडलं.

सुयश बसला. नरसिंहरावांनी भेंडोळं हातात घेतलं.  एक क्षण राघवला वाटलं, म्हातारा आता हात उगारणार. शुभदाबाईही एक पाऊल पुढे झाल्या.

"बरोबर आहे तुझं," नरसिंहराव म्हणाले. "साधा कॅमेरा. माझे फोटो आलेच नव्हते."

"म्हणजे माझ्या हातून काही गेलं नाही ना?"

"नाही."

गिरिजाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांसाठी पन्हं आणते म्हणाल्या आणि आत गेल्या. नीरज त्यांच्यामागे गेला. नरसिंहराव खुर्चीत बसले, उन्हात सगळे फोटो पुसले गेलेलं ते भेंडोळं मांडीवर धरून आवाज न करता रडले. सुयशने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

"मी येते उद्या तुमच्याबरोबर," शुभदाबाई म्हणाल्या. "माझी साक्ष द्यायची तयारी आहे."

"नको, बाई. तुम्ही आलात तर ते विचारतील, पुरावा कुठे गेला. मग हिचं नाव घ्यावं लागेल." त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. "मी एकटाच जाईन. सांगेन, माझी चूक झाली, टेकडीवर काही नव्हतं."