खालच्या खाचरातली हाक

रविवारी दुपारचं जेवण बाहेर, आणि बाहेर म्हणजे बर्गर, हे अप्पांनीच ठरवून टाकलं होतं. पंचाहत्तरीच्या माणसाला हा कसला चळ, असं भावकी म्हणायची. अप्पांना त्याचं काही नव्हतं. दात थोडे उरले होते आणि पाव मऊ असतो. शिवाय भूगावातली ती तिन्ही बर्गरची दुकानं त्यांनी विकलेल्या जमिनीवर उभी होती, आणि तिथं जाऊन बसायला त्यांना मनापासून आवडायचं.

"आज कुठं जायचं?" शुभांगी, त्यांची लेक, विचारायची.

"मधल्या खाचरात जाऊ," अप्पा म्हणायचे.

रस्त्याला लागून त्यांची भाताची तीन खाचरं होती, उतारावर एकाखाली एक. वरल्या खाचरात आता काचांचं चकचकीत दुकान होतं, तिथं टोकनच्या नंबरावर काम चालायचं. मधल्यात कुणा हौशी माणसानं मालवाहू कंटेनर आणून, त्याला खिडक्या पाडून, पिवळा रंग देऊन धंदा मांडला होता. खालच्यात होतं 'थर'. ते कौस्तुभचं. हिंजवडीतली नोकरी सोडून तो आता स्वतः शेगडीपाशी उभा राहायचा. शुभांगीचा नवरा सुनील, रविवारी दुपारपर्यंत लोळणारा, पांघरुणातूनच विचारायचा, "अप्पा जेवायला चाललेत का लावणीला?"

अप्पा बर्गर हातात उचलून खायचे नाहीत. वरचा पाव बाजूला काढायचे आणि त्याचा तुकडा मोडून, भाकरीनं कालवण निपटावं तसा, खालच्या टिक्कीला लावून खायचे. शेजारच्या टेबलावरची मुलं टकामका बघायची. अप्पा त्यांना डोळा मारायचे.

शुभांगीचा कोथरूडला कान तपासायचा दवाखाना होता. अप्पांचे कान तिला तळहातासारखे पाठ होते. डावा विशीतच गेलेला. खालच्या खाचरात विहीर खणताना सुरुंग वेळेआधी उडाला आणि त्या कानाची नसच मेली. उजवा वयानं मंदावलेला, त्यात तिनं यंत्र बसवलं होतं. पण दुकानात खुर्च्यांचा खरखराट आणि पोराबाळांचा कालवा यंत्रातून डोक्यात घुसायचा, म्हणून बसल्याबरोबर अप्पा ते काढून डबीत ठेवायचे. मग उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय त्यांना काही कळायचं नाही.

त्यांचं नाव बहिरू. बहिरोबाच्या नवसाचे म्हणून. "बहिरू ठेवलं आन् बहिराच निघाला," असं गाव म्हणायचं, आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते अप्पाच.

गोष्ट सुरू झाली ती 'थर'मध्ये. तिथं नंबर नव्हता. कौस्तुभ गिऱ्हाइकाचं नाव विचारून घ्यायचा आणि बर्गर झाला की माइकवर पुकारायचा. शुभांगी नेहमी आपलं नाव सांगायची. त्या रविवारी तिला लहर आली.

"बहिरू," ती म्हणाली.

"काय कडक नाव आहे, ताई!" कौस्तुभ खूश झाला. "एकदम ब्रँड!"

आणि थोड्या वेळानं भिंतीवरच्या स्पीकरमधून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा, तो गरजला, "बहिरूऽऽ!"

अप्पांना अर्थातच ऐकू आलं नाही. शुभांगीनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "तुमचं नाव पुकारलं बघा." तसा त्यांचा चेहरा उतरला.

"कशाला दिलंस माझं नाव? हितं, ह्या जाग्यावर?"

"त्यात काय झालं?"

"किती येळा पुकारलं?"

"एकदा."

"मग बस गप. दोन हाका सोडायच्या आसत्यात. तिसरीला ओ द्यायची. माणूस हाय ते तीनदा हाक मारतं. दुसरं जे काय आसंल ते दोनदाच मारतं, तिसरी त्येला येत न्हाई."

हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. घरात कुणालाही पहिल्या हाकेला ओ द्यायची मुभा नव्हती. त्यापायी शाळेत हजेरीला तिनं मार खाल्ला होता. ती हसली, उठली आणि बर्गर घेऊन आली.

पुढच्या रविवारी ते कंटेनरात बसले होते. अप्पांचं यंत्र डबीत होतं. तुकडा तोंडाशी नेता नेता त्यांचा हात थांबला. मान डावीकडे वळली. त्यांनी एक बोट उभं केलं. जरा वेळानं दुसरं.

"काय झालं?"

"दोन झाल्या," अप्पा म्हणाले. तो तुकडा त्यांनी तसाच ताटलीत ठेवला आणि पुढे काही खाल्लं नाही.

शुभांगी घाबरणाऱ्यांतली नव्हती. तिच्या धंद्यात हे रोजचं होतं. कान मंदावले की मेंदूला करमत नाही, तो आपले आपणच आवाज काढत बसतो. तिच्याकडे एक आजी यायच्या, त्यांना दिवसभर वरातीचा बँड ऐकू यायचा, आणि त्यांची तक्रार एवढीच होती की तो एकच गाणं वाजवतो. तिनं अप्पांना हे सगळं नीट समजावलं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल."

एक गोष्ट मात्र तिला खटकली. आवाज कुठून आला हे कळायला दोन कान लागतात. एका कानाचा माणूस हाक ऐकू आली की गोंधळतो, चहूकडे बघतो. अप्पा तर जन्मभर तसेच बघत आले होते. आता मात्र त्यांची मान एका झटक्यात एका जागी वळत होती. आणि ती वळत होती मेलेल्या कानाच्या बाजूला.

तिनं ते तपासायचं ठरवलं. वरल्या खाचरात ती अप्पांना मुद्दाम वेगळ्या खुर्चीवर बसवून बघायची. त्यांची मान वळली की मोबाइलमधल्या होकायंत्रावर दिशा बघायची आणि नकाशावर रेघ मारायची. कंटेनरात तेच केलं, 'थर'मध्येही. अप्पांची पाठ कुणीकडेही असो, मान वळायची ती ठरल्या दिशेला. तिन्ही दुकानांतल्या रेघा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

'थर'च्या स्वयंपाकघरामागं. ती जाऊन बघून आली. सिमेंटचा कोबा, गॅस सिलिंडरचा जाळीचा पिंजरा, धुवून पालथ्या घातलेल्या बादल्या. दुपारचं लख्ख ऊन. काही नव्हतं.

"अप्पा, 'थर'च्या मागं, आता कोबा घातलाय तिथं, पूर्वी नेमकं काय होतं?"

"आपली हीर," अप्पा म्हणाले. "बिल्डरनं राडारोडा टाकून बुजवली."

"तिच्यात कुणी पडलं होतं का कधी?"

"छ्या. कुणी न्हाई. लई ग्वाड पाणी व्हतं." मग म्हणाले, "माझा एक कान तेवढा घेतला तिनं. बाकी कुणाचं काय घेतलं न्हाई."

"आणि आवाज? कोणाचा वाटतो?"

अप्पांनी बराच विचार केला. "आपल्यातलाच हाय," ते म्हणाले.

त्यानंतर अप्पांचं खाणं तुटलं. बर्गर राहिला बाजूला, घरचा मऊ भातही दोन घासांपुढं जाईना. सदरा खांद्यावरून ओघळू लागला. दिवसभर ते मान डावीकडे करून बसत. बोलत नसत. शुभांगीनं 'अप्पा' म्हटलं तरी तिसऱ्या वेळेशिवाय बघत नसत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, सगळं ठीक निघालं. "वय झालं," डॉक्टर म्हणाले. पण शुभांगीला दिसत होतं की हे वय नाही. तिचा बाप कशाची तरी वाट बघता बघता झिजत होता, आणि असाच चालला तर दिवाळी बघणार नव्हता.

"आली तिसरी तर देऊ नका ओ," ती एकदा चिडून म्हणाली. "सोडून द्या."

"तिसरीला न्हाई म्हनता येत न्हाई, शुभे. तिसरी आली की ते माणूसच धरायचं. माणसाला ओ दिली न्हाई तर आपुन कोण?"

तेव्हा तिला उपाय सापडला. साधा, सरळ आणि तिच्या मते बिनचूक. अप्पांना तिसऱ्या हाकेची धास्ती होती ना? मग ती हाक जिवंत माणसाच्या, ओळखीच्या तोंडून येऊ द्यायची. त्याच जागी, भर दुपारी, चार माणसांत. अप्पा ओ देतील, समोर कौस्तुभ बर्गर घेऊन उभा दिसेल, आणि मनातली गाठ सुटेल. अशा गाठी तिनं कितीतरी सोडवल्या होत्या.

"तीनदा पुकारायचं," तिनं कौस्तुभला सांगितलं. "मी हात वर केला की सुरू कर."

"तीनदा म्हणजे तीनदा, ताई. अप्पांसाठी काय पण!"

रविवारी 'थर' गच्च भरलं होतं. कुणाचा तरी वाढदिवस होता, फुगे लावले होते. शुभांगी यंत्र राहू द्या म्हणत होती, पण अप्पांनी ते काढून डबीत ठेवलंच. ती मनात म्हणाली, हरकत नाही, आपण कानाशी सांगू. स्पीकर उजव्या भिंतीवर होता. कौस्तुभनं माइक हातात घेऊन तिच्याकडे बघितलं.

अप्पांची मान डावीकडे वळली.

एक बोट वर आलं. मग दुसरं.

हीच वेळ, शुभांगीला वाटलं. तिनं हात वर केला.

"बहिरूऽऽ!" कौस्तुभ गरजला.

त्याची ती पहिलीच हाक होती. आणि त्याच क्षणी शुभांगीच्या ध्यानात आलं की तिचा हिशेब चुकला होता. कौस्तुभची पहिली. अप्पांची तिसरी.

यंत्र डबीत होतं, तरी ती अप्पांना ऐकू गेली; पण त्यांनी स्पीकरकडे बघितलंही नाही. ते डावीकडेच बघत होते. खुर्चीतून ताठ उभे राहिले, छाती भरून घेतली आणि बांधावरून समोरच्या डोंगराला पोचेल अशा आवाजात म्हणाले,

"ओऽऽऽ!"

वाढदिवसाचा मुलगा सुरी हातात धरून बघत राहिला. कौस्तुभच्या तोंडातली दुसरी हाक तोंडातच राहिली.

अप्पा चालू लागले. गल्ल्याकडे नाही. स्वयंपाकघरातून, शेगडीशेजारून, मागच्या दारानं बाहेर.

शुभांगी धावली.

ते कोब्यावर उभे होते, तिच्याकडे पाठ करून. खाली बघत होते.

"अप्पा," ती म्हणाली.

एकदाच म्हणाली. ते लगेच वळले. चेहऱ्यावर हसू होतं.

"चल," ते म्हणाले. "लई भूक लागलीया."

आत येऊन त्यांनी एक बर्गर संपवला, आणि वर दुसरा मागवला. दोन्ही हातांत धरून, मोठमोठे घास घेत. कौस्तुभनं टाळ्या वाजवल्या. शुभांगीनं डोळे पुसले. गाठ सुटली होती. बाप परत मिळाला होता.

गाडीच्या दाराशी, अप्पांच्या डाव्या हाताला उभी राहून ती त्यांचा पट्टा लावत होती. स्वतःशीच पुटपुटली, "डबी राहिली वाटतं टेबलावर."

"माझ्या खिशात हाय," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. कान तपासायची तिची खोली म्हणजे जाड भिंतींची छोटीशी पेटी होती, दार लावलं की बाहेरचं काही आत येत नाही. एका बाजूला काच, काचेबाहेर शुभांगी आणि तिचं यंत्र. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं.

तिनं उजवा कान तपासला. मग डावा. ती आवाज कमी कमी करत गेली. अप्पा बटण दाबत राहिले. सगळ्यात बारीक आवाजालाही, जो तिला स्वतःला ऐकू येत नसे, त्यांनी बटण दाबलं. तिनं हेडफोन उलटसुलट करून घातले, वायर बदलली, पुन्हा तपासलं. दोन्ही कान लहान मुलाचे असावेत तसे निघाले. मेलेली नस परत जिवंत होत नाही, हे ती खात्रीनं सांगू शकत होती. तरी समोरचा कागद काही वेगळंच सांगत होता.

बहुतेकांचा त्या खोलीत जीव घुसमटतो. अप्पा आत स्वस्थ बसले होते. हात मांडीवर, पाठ ताठ.

तिनं माइकचं बटण दाबलं. "अप्पा, आत बरं वाटतंय ना?"

त्यांनी काचेकडे बघितलं नाही. मान मागं टाकून ते छताकडे बघत होते.

"झ्याक हाय हितं," ते म्हणाले. "तितल्यासारखंच गार. फकस्त वरनं कुणी वाकून बघत न्हाई."