धाकाचे गरे

फणसोळ्यात आता फणस बाराही महिने धरत. बुंध्याला, फांद्यांना, इतकंच काय, मातीखाली मुळांनासुद्धा. कारण झाडं घाबरलेली होती.

कल्पना तशी गावचीच. न धरणाऱ्या फणसावर एकाने कुऱ्हाड उगारून "तोडू का?" विचारायचं आणि दुसऱ्याने झाडाच्या वतीने हात जोडायचे, "नको, पुढच्या साली धरेल." शास्त्रज्ञांनी या नाटकाला न हसता त्याची तपासणी केली. मरणाची चाहूल लागली की झाड एक द्रव्य तयार करतं आणि जीव जायच्या आत असेल नसेल तेवढं बी जगात सोडायला धावतं. या द्रव्याला नाव मिळालं धाकरस. गावात गऱ्यांचा कारखाना काढलेल्या कंपनीने तो पिंपात भरून झाडांवर फवारला. कुऱ्हाडीचा खर्च वाचला.

यशोदा गोताडला फणस चालत नसे. अंगावर पित्त उठायचं. त्यामुळे गावात संतापता येणारी ती एकटीच उरली. तिचा नवरा सोनू पूर्वी देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्यातही चुका काढून गुरवाशी भांडायचा. आता तो गरे सोलण्याच्या कारखान्यात सोळा तास उभा असे. पाय सुजून खांबासारखे झालेले. काल मुकादमाने थोबाडीत मारली, तर हा म्हणाला, "साहेब, हात दुखला का?"

यशोदा कंपनीच्या डॉक्टर केतकरबाईंपुढे जाऊन बसली.

"बाई, माझ्या माणसाचं काय केलंत?"

"धाकरस थोडा गऱ्यात उतरतो. खाणाऱ्याला सतत उपयोगी पडावंसं वाटतं, एवढंच."

"आणि उतारा?"

"गरे सोडले की महिन्याभरात माणूस पूर्ववत."

"मी घरात बंद केले. तुम्ही कारखान्यात जेवणाला तेच वाढता. ते थांबवा."

"वर विचारायला हवं." केतकरांनी बशीतला गरा तोंडात टाकला. "पण विचारायची भीती वाटते हो."

यशोदाने घरून कुऱ्हाड आणली. कारखान्याच्या दारातला फणस तिच्या सासऱ्याने लावलेला. बापाच्या झाडावर घाव पडताना तरी हा मेला चिडेल, आईबहिणीवरून शिव्या घालील, असं तिला वाटलं. पाळी सुटली, माणसं बाहेर आली. तिने कुऱ्हाड उगारली.

"तोडू का रे, सोनू?"

सोनूने हात जोडले. त्याच्यामागे सगळ्या पाळीने जोडले.

"नको," तो म्हणाला. "उद्यापासून अठरा तास उभे राहू."

मुकादम खिडकीतून बघत होता. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दारावर एक नवी कोरी कुऱ्हाड टांगली गेली. तेवढा खर्च कंपनीला परवडला.