म्होरकी

रेशमीच्या डोक्यावर म्होरकी चढवताना शिपायाला काहीच त्रास झाला नाही. "बैलसुद्धा निदान एकदा मान झटकतो," तो शेजारच्या कारकुनाला म्हणाला. रेशमी मान खाली घालून उभी होती. एकोणीस वर्षांची मुलगी. दोन्ही दंडांवर इस्त्रीच्या टोकाचे जुने डाग होते, आणि ते झाकायला पोलीस उपअधीक्षक बर्ग्यांच्या बायकोने तिला लांब बाह्यांचा नवाकोरा ड्रेस घालून पाठवलं होतं.

यंत्राचं सरकारी नाव ओढमापक. पण ते पहिल्यांदा चढलं बैलावर, आणि दिसायलाही ते बैलाच्या म्होरकीसारखंच होतं. कपाळावरून एक पट्टा, कानांमागून दोन, हनुवटीखाली बक्कल. म्हणून लोक त्याला म्होरकीच म्हणत. माणसांसाठी जरा बरं दिसणारं निराळं यंत्र करावं, अशी सूचना मध्यंतरी आली होती. प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या इरावती ढमढेरेने ती हाणून पाडली. माणूस कोण मोठा लागून गेला, असं तिचं म्हणणं होतं.

मेंदूच्या अगदी आत, जिथे माणूस आणि म्हैस यांच्यात फारसा फरक उरत नाही, तिथे एखाद्या गोष्टीकडे जावंसं वाटलं की एक ठिणगी उडते. पाय उचलण्याआधी, मनात विचार येण्याच्याही आधी. डॉ. हेरंब निमकरांनी कवटी न उघडता ती ठिणगी बाहेरून मोजायची युक्ती काढली आणि तिला साधं नाव दिलं: ओढ. निमकरांना त्यातून पारितोषिकं मिळाली. इरावतीने त्यातून कायदा काढला.

ओढीचा कायदा सांगायला सोपा होता. कुठल्याही सस्तन प्राण्याला त्याच्या ओढीविरुद्ध ठेवायचं नाही, न्यायचं नाही. वाद निघाला की न्यायाधिकरणाच्या दालनात समोरासमोर दोन दारं उघडायची. एकेका दारात एकेक दावेदार, मध्ये म्होरकी घातलेला प्राणी. काटा ज्या दाराकडे झुकेल तिकडे त्याची रवानगी. या कायद्याने किती गोठे, तबेले आणि प्रयोगशाळांतले पिंजरे रिकामे केले त्याला गणती नव्हती. हजारो जनावरं आश्रमांत सुखाने रवंथ करत होती. इरावतीला लोक मुक्या जिवांची आई म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडत असे.

मसुदा तयार होताना एका भल्या गृहस्थाने सुचवलं होतं की ज्याला बोलता येतं त्याचं बोलणंही ऐकून घ्यावं. इरावती त्याच्यावर तुटून पडली. "म्हणजे जीभ वळते त्याला एक न्याय, वळत नाही त्याला दुसरा? हाच तो माणसाचा माज. शब्द पढवता येतात, धाकाने वदवून घेता येतात. पोलीस कोठडीतले कबुलीजबाब आठवा. काटा पढवता येत नाही." सभागृहात टाळ्या पडल्या. तेव्हापासून म्होरकी चढली की तोंडचा शब्द पुराव्यात धरायचा नाही असं ठरलं. इतका वेडेपणा जनावरांवर जिवापाड प्रेम करणाऱ्यांनाच सुचू शकतो, आणि तो त्यांनाच सुचला.

रेशमीची गोष्ट तिच्या आईने इरावतीकडे आणली होती. बर्गे फौजदार असताना त्यांनी पारध्यांच्या पालांवर धाड घातली. पुरुष पकडले गेले, बायका रानात पळाल्या आणि सहा वर्षांची रेशमी मागे राहिली. बर्ग्यांनी तिला जीपमध्ये घालून घरी नेलं. पोरीला संस्कार लागतील, असं ते ज्याला त्याला सांगत. लागली ती धुणीभांडी. साहेबांचा हात उठायचा, बाईंची इस्त्री. बर्ग्यांच्या छातीवर पदकं वाढत गेली आणि रेशमीच्या दंडांवर डाग. आई तिला शोधायला ज्या ज्या चौकीची पायरी चढली तिथून तिला चोर म्हणून हाकलण्यात आलं.

इरावतीने प्रकरण हातात घेतलं तेव्हाचा तिचा संताप खरा होता. पोलीस अधिकाऱ्याला धडा शिकवायची संधी आहे, हेही तिच्या लक्षात आलं होतं.

सुनावणीपूर्वी व्हरांड्यात निमकरांनी तिला गाठलं. वय झालेला माणूस, बोलताना चष्मा काढून हातात धरायची सवय.

"इरावतीबाई, ही केस मागे घ्या. तुम्ही हराल."

"हरायला काय झालं? तिला जाळलंय तिथे. कुठला प्राणी जाळणाऱ्याकडे परत जाईल?"

"पुष्कळ जातात. ओढ आणि आवड एक नाही, हे मी तुम्हाला पहिल्यापासून सांगतोय. मेंदूत दोन्हींच्या जागा निराळ्या. दारुड्याला विचारा, दारू आवडते का? शेवटी शेवटी त्याला तिची चीडच येत असते. पण संध्याकाळ झाली की पाय गुत्त्याकडेच वळतात. माझं यंत्र ते वळणारे पाय मोजतं. त्याला सुख कळत नाही, भलं तर त्याहून कळत नाही."

"हे तुम्ही कायदा होताना का नाही ओरडून सांगितलंत?"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, जनावरांच्या बाबतीत एवढं पुरे." निमकरांनी आवाज खाली आणला. "एक वाट आहे. ओढ शिकवता येते, मुद्दाम घडवता येते, असं एक जरी प्रकरण दाखवता आलं तर काट्याचा पुरावा कच्चा ठरेल. मग न्यायाधिकरणाला या मुलीचं तोंडी म्हणणं ऐकावंच लागेल. तुमच्याकडे आहे का असं एखादं?"

इरावतीच्या डोळ्यांसमोर लगेच एक बैल उभा राहिला.

झुंबर त्याचं नाव. शर्यतीचा खोंड, पांढराशुभ्र, मालक सोपान टेमगिरे. ओढीच्या कायद्याखालचा तो पहिला खटला. निकाल लागेपर्यंत बैल इरावतीच्या आश्रमात ठेवला होता. रोज सकाळी आश्रमाच्या फाटकात निळा सदरा घातलेली मुलं त्याला गुळाचा खडा देत. तिनेच तसं सांगितलं होतं. बिथरलेलं जनावर आहे, जरा माया लावा, असं ती म्हणाली होती, आणि त्यातला अर्धा भाग खराही होता. सुनावणीच्या दिवशी एका दारात टेमगिरे उभा राहिला, दुसऱ्यात निळ्या सदऱ्यातली मुलं. काटा मुलांकडे असा धावला की बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचा प्रत्येक निकाल त्या निकालाचा दाखला देऊन लागला होता. तो पडला तर सगळे पडणार होते. खाटीक, शर्यतवाले, प्रयोगशाळावाले दोरखंड घेऊन आश्रमांच्या दारात रांग लावणार होते.

"नाही," ती निमकरांना म्हणाली. "असं प्रकरण नाही."

दालन भरलेलं होतं. उजव्या दारात रेशमीची आई उभी होती. तिने उसनं लुगडं नेसलं होतं आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. डाव्या दारात बर्गे गणवेशात, शेजारी त्यांची बायको, आणि पुढे त्यांची चार वर्षांची मुलगी चिनू. चिनू जन्मल्यापासून रेशमीच्याच अंगाखांद्यावर वाढली होती. बाईंनी मुलीला हलकेच पुढे ढकललं.

"लेशमी," चिनूने हाक मारली.

काटा डावीकडे गेला आणि टोकाला जाऊन राहिला. रेशमीचा एक पाय नकळत उचलला गेला होता. तिने तो परत जागेवर टेकवला.

उजव्या दारातून आई पारधी बोलीत काहीतरी म्हणाली. तेरा वर्षांत रेशमी ती बोली विसरली होती. काटा हललासुद्धा नाही. आईने ते पाहिलं आणि ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

तेव्हा रेशमी बोलली. शाळेत न जाता साहेबांच्या घरात शिकलेली स्वच्छ मराठी.

"मला साहेबांकडे जायचं नाही."

कारकुनाने लेखणी उचलली नाही.

"चिनूची माया आहे मला. तिला बघितलं की जीव तुटतो. पण तिथे जायचं नाही. मला आईबरोबर जायचंय. ती काय म्हणते ते मला कळत नाही, तरी जायचंय."

बर्ग्यांचा वकील उठला. तरुण, गुळगुळीत आणि फार खूश. "अध्यक्षमहोदया, कलमाप्रमाणे म्होरकी असताना तोंडचा शब्द गैरलागू आहे. हे कलम आम्ही नाही हो आणलं." त्याने इरावतीकडे पाहून हात जोडले. "इरावतीताईंचीच कृपा. शब्द पढवता येतात, काटा पढवता येत नाही."

बर्गे हसले नाहीत. त्यांनी फक्त टोपी काढून काखेत धरली. काम संपलं की माणूस धरतो तशी.

"काटा पढवता येतो की."

आवाज शेवटच्या बाकावरून आला. सोपान टेमगिरे. बैल गेल्यापासून हा माणूस इरावतीच्या एकूणएक सुनावणीला येऊन बसे, काही न बोलता, तिच्याकडे बघत. आश्रमवाले त्याला झुंबरला लांबूनही पाहू देत नसत. आज तो उभा राहिला होता.

"माझा बैल पढीवला व्हता. मी भिताडावरनं डोकावून बघितलंया. रोज सकाळच्याला निळी पोरं त्याला गूळ घालायची. तिसऱ्या आठवड्याला बैल मला वळखना. इचारा बाईंना. त्या म्होरंच व्हत्या."

वकिलाचं हसू मावळलं. पोलीस टेमगिरेला खांद्याला धरून खाली बसवू लागले. न्यायाधिकरणाच्या अध्यक्षबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. निवृत्तीला आलेल्या बाई होत्या, आणि रेशमी बोलल्यापासून त्यांनी तिच्यावरची नजर काढली नव्हती.

"मालकाचं म्हणणं आम्हाला पुराव्यात घेता येत नाही," त्या म्हणाल्या, "त्याचा स्वार्थ असतो. पण इरावतीबाई, तुम्ही इथे प्रतिनिधी म्हणून उभ्या आहात. तुमचा शब्द मी लिहून घेऊ शकते. त्या बैलाला गूळ चारला होता का? होय म्हणालात तर हा काटा मी आत्ता बाजूला ठेवते आणि या मुलीचं ऐकते."

यापेक्षा उघडं दार कुणी कुणासाठी करणार? निमकर चष्मा हातात घेऊन ताठ बसले होते. रेशमी इरावतीकडे बघत होती. तिला गुळाचं काही कळलं नसावं, पण या बाईने एक शब्द बोलायचा आहे एवढं तिला कळलं होतं.

इरावतीला गोठे दिसले. साखळ्या काढलेल्या गाई, कवटीत तारा घुसवल्यावरही वाचलेली माकडं, झुंबर. हजारो जीव, आणि ही एक. ती माणूस आहे म्हणून तिचं पारडं जड धरायचं? जन्मभर ज्याच्याविरुद्ध ओरडलो तो माज तो हाच नव्हे का? हिशेब तिच्या तत्त्वात चोख बसत होता. चोख बसत होता म्हणूनच तिला तो पटला. मुक्या जिवांची आई हे बिरुदही त्या हिशेबात कुठेतरी होतं. पण ते तिने मोजलं नाही.

"नाही," इरावती म्हणाली. "गूळ चारला नव्हता."

"लाज वाटू द्या बाई," टेमगिरे म्हणाला. आरडाओरडा न करता, अगदी हळू. मग पोलिसांनी त्याला बाहेर नेलं.

अध्यक्षबाईंनी निकाल सांगितला. काटा डावीकडे, रवानगी डावीकडे. बर्ग्यांच्या बायकोने चिनूचं बोट सोडलं. पोरगी धावत जाऊन रेशमीच्या कमरेला बिलगली, आणि रेशमीने सवयीने तिला उचलून घेतलं. वकील म्हणाला, "बघा, यंत्र खोटं बोलत नाही." आई चौकटीपाशी बसून राहिली होती. निकाल कुठल्या बाजूने लागला ते तिला कुणी तिच्या बोलीत सांगितलं नाही. मुलगी दाराबाहेर चाललेली पाहून ते तिला कळलं.

त्याआधी शिपायाने रेशमीच्या म्होरकीचं बक्कल काढलं होतं. कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. जाताना रेशमी चिनूला कडेवर घेऊन इरावतीजवळ थांबली. बर्गे पुढे गेले होते, त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. ओढ त्यांच्या बाजूने होती. घाई कशाला करायची?

"ताई," ती म्हणाली, "मी नाही म्हटलं होतं. तुम्हाला ऐकू आलं ना?"

इरावती टेबलावरचे कागद गोळा करू लागली. रेशमीने जरा वाट पाहिली. मग जीपचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

संध्याकाळी कारकुनाने सुनावणीची नोंद नक्कल करून इरावतीला आणून दिली. तिने ती उभ्या उभ्या वाचली. काट्याचं माप होतं, कलमं होती, निकाल होता. अख्ख्या नोंदीत 'नाही' हे उत्तर एकदाच आलं होतं, आणि ते तिचं होतं.