शांततेचं माप

टाकीच्या खोलीला आतून कडी होती. अख्ख्या प्रयोगशाळेत आतून कडी असलेली तेवढी एकच खोली. म्हणून शाल्मली रोज अकराला आणि तीनला तिथे जाऊन बसायची.

खोलीच्या मधोमध दोन पुरुष उंचीची पोलादी टाकी. टाकीत समुद्राचं पाणी, आणि पाण्यात निश्चल तरंगणारे सहा राखणदार. कागदोपत्री त्यांना लांबलचक नाव होतं, पुढे आकडेही होते. पण खाडीच्या मुखाशी पहारा करणार म्हटल्यावर इथल्या लोकांनी त्यांना राखणदार म्हणायला सुरुवात केली आणि तेच रुळलं. खताच्या पोत्याएवढं पिवळं धूड, चार कल्ले, पोटात नारळाएवढं स्फोटक. शाल्मली मेकॅट्रॉनिक्स इंजिनिअर. यंत्र, वीज आणि आज्ञावली यांचा एकत्र संसार लावून देणं हे तिचं काम. राखणदारांचे कल्ले तिने घडवले होते, पण तिचा जीव होता त्यांच्या कानांवर.

समुद्राखाली रेडिओ चालत नाही, उजेड पोचत नाही. तिथे जे कळतं ते आवाजाने. आपली बोट कुठली, परकी पाणबुडी कुठली, हे राखणदारांनी ऐकून ओळखायचं. आणि परकं ओळखायचं तर आधी शांतता म्हणजे काय ते ठाऊक हवं. म्हणून दिवसातून दोनदा वीस मिनिटं ‘शांततेचं माप’ घेतलं जाई. पंखा बंद, दार बंद. तेवढा वेळ राखणदारांनी कल्ला हलवायचा नाही, कुठलाही हुकूम ऐकायचा नाही, फक्त ऐकत राहायचं. खोलीत देखरेखीला एकजण लागे. शाल्मली बाळंतपणाच्या रजेवरून परत आली होती आणि तिलाही दिवसातून दोनदा वीस मिनिटं हवीच होती. तिने ते काम आपणहून मागून घेतलं.

दूध काढायचा पंप तिने मुद्दाम हाताचा घेतला होता. विजेच्या पंपाचा आवाज झाला असता. फोनवर रेवाचा फोटो लावून, टाकीला पाठ टेकून ती बसायची. दाब, दाब, थांब. दाब, दाब, थांब. बाटली भरली की पान्याने टाकीवर दोनदा टकटक करायची. माप संपल्याची तीच खूण. राखणदारही त्याच खुणेवर हलायचे, आणि तिने कडी काढली की बाहेर उभा असलेला मुजावर फिटर दार ढकलायचा.

“झालं का ताई, शांत?”

“झालं. आता खुशाल बोंबला.”

असे चार महिने गेले. ती शांतता खरोखर शांत होती का, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

मग राखणदार खाडीच्या मुखाशी एका रेषेत उतरले आणि चाळीस दिवस ती रेषा हलली नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी, सकाळी आठ चाळीसला, चौथा राखणदार जागा सोडून निघून गेला.

“माका एक सांग बाय,” गंगाराम तांडेल सुकाणूवरून म्हणाले. चाचणीच्या बोटीवर दोन वर्षं तेच होते. “राखणदार जागो सोडून जाता कसो? आमच्या गावचो तर कधी हलाक नाय.”

“तो देव आहे काका. हे यंत्र आहे.”

“म्हणानच इचारतंय. देवाचा मन फिरात. यंत्राचा कसा फिरला?”

शाल्मलीला हसू आलं नाही. घड्याळात सव्वादोन वाजले होते. रेषा सोडलेला आणि हाकेला ओ न देणारा राखणदार परक्यांच्या हाती लागला असं धरायचं, आणि सहा तासांनी त्याने स्वतःला उडवून द्यायचं, असा नियम होता. सहा तासांचा आकडा तिचाच. बैठकीत त्यासाठी ती भांडली होती. त्या हिशेबाने दोन चाळीसला चौथा फुटणार होता. ‘परत ये’चा ध्वनिसंकेत तिने पाण्यात अकरा वेळा सोडला होता. खाली तो होता, चांगला जागा होता, आणि ऐकत नव्हता.

“बाय,” काकांचा आवाज एकदम खाली आला. “थय बघ.”

चाळीस हातांवर पाणी फुगलं. फुगतच गेलं. मग त्यातून एक काळीकरडी पाठ वर आली आणि संपेचना. एसटीच्या गाडीपेक्षा लांब. वाफेचा फवारा उडाला, त्याचा ओला, माशांचा वास बोटीपर्यंत आला. आणि त्या पाठीला चिकटून एक छोटी पाठ. तिचा फवाराही छोटा, शिंकेएवढा.

“देवमासो,” काका कुजबुजले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “आणि वांगडा पिलू. पन्नास वर्सा दर्यात काढलंय गे, पण ह्या नाय बघलंय.”

शाल्मलीने पाण्यातला माइक खाली सोडला आणि कानांना हेडफोन लावले. चौथा राखणदार पिल्लाच्या खाली पाच वावांवर, तीसेक फुटांवर होता. आधी नुसती पाण्याची घरघर ऐकू आली. मग आईचा एक खोल हुंकार, कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त ऐकू येणारा. आणि मग, अगदी हलके: चुप्, चुप्, थांब. चुप्, चुप्, थांब.

पिल्लू पीत होतं.

तिच्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी छाती भरून आली, कुर्ता ओला झाला. हा ताल तिला डोळे मिटून ओळखता आला असता. चार महिने, दिवसातून दोनदा, पोलादी टाकीला पाठ लावून तिने हाच आवाज केला होता आणि त्याला शांतता असं नाव देऊन सहा यंत्रांच्या कानात भरला होता. चौथा बिघडला नव्हता. त्याच्या लेखी माप चालू होतं. तिने शिकवलं तसाच तो वागत होता.

वॉकीटॉकी खरखरली. किनाऱ्यावरून कमांडर बेहेरे बोलत होते. “शाल्मली, बोट मागे घ्या. अकरा मिनिटं राहिलीत. अर्धा किलोमीटर तरी लांब जा.”

“सर, त्याच्या अगदी वर देवमाशाचं पिल्लू आहे. दूध पितंय.”

“तुमचंही पिल्लू घरी आहे,” ते म्हणाले. आवाज कडक नव्हता, आणि तेच वाईट होतं.

तिने काकांकडे पाहिलं. “मला कळलंय तो कशाची वाट बघतोय. पण इथेच थांबावं लागेल. तुम्ही म्हणाल तसं.”

“माझी नातवंडा मोठी झाली. तुझा तू बघ.” काकांनी इंजिन बंद केलं. “बोल, काय करूचा?”

तिने पाना काढून बोटीच्या कडेवर दोनदा मारला. भद्, भद्.

“फायबर हा ह्या. बोलाचा नाय. पोलाद व्हया.” काका नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाकडे धावले. “नांगर!”

नांगराच्या दोराची गाठ खाऱ्या पाण्याने दगड झाली होती. काकांनी ती कोयत्याने तोडली आणि नांगर कडेवरून अर्धा पाण्यात धरला. हातांच्या शिरा तटतटल्या. ओल्या लोखंडावरून पाना निसटून बोटीच्या तळाशी गेला, जाळ्याखाली. शाल्मली गुडघ्यांवर बसून चाचपडू लागली. हाताला पाना लागला तेव्हा मनगटावरच्या घड्याळात दोन एक्केचाळीस झाले होते.

ती थिजली. काही झालं नव्हतं. पाणी होतं तसंच होतं. पिल्लू होतं तसंच पीत होतं.

दोन बेचाळीसला तिने नांगराच्या दांड्यावर पाना मारला. टक, टक. आणि लगेच दुसऱ्या हाताने ‘परत ये’ची कळ दाबली.

पाच वावांखालून पिवळं काहीतरी हळूहळू वर येऊ लागलं. त्याच्या बाजूने आई वर आली. तिने डोकं थोडं तिरकं केलं, आणि नारिंगाएवढा एक डोळा पाण्याबाहेर आला. त्याच्याभोवती सुरकुत्या होत्या. त्या डोळ्याने राखणदाराकडे पाहिलं, मग बोटीकडे, मग गुडघ्यांवर बसलेल्या, ओल्या कुर्त्यातल्या बाईकडे. मग ती प्रचंड पाठ वळली, छोटी पाठ तिच्यामागे वळली, आणि पाणी मिटलं.

राखणदार बोटीशी येऊन हलकेच टेकला. काका टोपी हातात धरून उभेच होते.

शाल्मलीने त्याला तार जोडली आणि लॅपटॉपवर त्याच्या नोंदी उघडल्या.

८.४० – शांतता ऐकू आली. दूर जात आहे. माप घ्यायला मागे निघालो.

९.२५ – शांतता. माप चालू. थांबलो आहे.

आणि सगळ्यात खाली:

२.४० – मुदत संपली. शांतता चालू आहे. मोडू नये. थांबलो आहे.

ती ओळ तिने तीनदा वाचली. कल्ले आणि हुकूम, एवढंच तिने नियमात घातलं होतं. स्फोटाला शांततेचा नियम लागू नव्हता. तसं तिने कुठेही लिहिलेलं नव्हतं.

“चूक सापडली?” बेहेरे सरांनी वॉकीटॉकीवरून विचारलं.

“सापडली, सर. माझीच आहे.” तिने सगळं सांगितलं, पंपासकट. शेवटची ओळही वाचून दाखवली.

“पाणबुड्या बुडवणारं यंत्र आहे ते,” सर म्हणाले. “कधी थांबायचं हे त्याने ठरवून कसं चालेल? तो आवाज काढून टाका. सहाही जणांच्या डोक्यातून.” मग हळू आवाजात, “पण त्याला थांबायला शिकवलं कोणी, शाल्मली?”

फोन वाजू लागला. तीन वाजल्याचा गजर, रोजचा. तिने तो बंद केला आणि लॅपटॉपवर पुसण्याचा हुकूम उघडला. पडद्यावर एवढंच होतं: ‘शांततेचं माप पुसायचं?’ खाली दोन चौकटी. घरी रेवा आता उठली असेल, मुठी चोखत असेल.

तिचं बोट चौकटींवर अधांतरी राहिलं. आपण चार महिने शांततेत चुकून एक आवाज मिसळत गेलो, असं मघापासून ती समजत होती. पण शांतता म्हणतात ती जर याच आवाजाची बनलेली असेल, तर ती पुसून टाकल्यावर हे सहाजण त्या काळोखात कशाची राखण करणार होते?