दारातला दगड

"आई गं! मेलो!"

भोंग्याच्या किंकाळीने संग्रहालयाचा अख्खा बोळ दणाणला. अधीक्षकांच्या खोलीचं दार मिटू नये म्हणून खाली एक दगड लावला होता. भोंगा नेहमीप्रमाणे समोर न बघता पळत होता, आणि त्याच्या पायाचा अंगठा नेमका त्या दगडावर आपटला होता.

"मेलेली माणसं एवढं ओरडत नाहीत," मागून सावकाश येणारा गोगल्या म्हणाला.

भोंगा बारा वर्षांचा. त्याला हे नाव का पडलं, ते आत्ताच कळलं असेल. त्याचा थोरला भाऊ म्हणजे गोगलगाय, लाडाने गोगल्या. त्याची आंघोळ पाऊण तास चाले, आणि विचार त्याहून जास्त वेळ. त्यांची दहा वर्षांची चुलतबहीण म्हणजे शंका. ती झोपेतही प्रश्न विचारते, असं घरात सगळे शपथेवर सांगत.

सुट्टीत तिघांचा मुक्काम आजोबांकडे होता. आजोबांनी या संग्रहालयात चाळीस वर्षं जीवशास्त्राचे नमुने सांभाळले होते, आणि आज त्यांचा शेवटचा दिवस होता. चार वाजता एक संशोधक बाई येणार होत्या. त्यांना सहाशे बारा नंबरचा खोका दाखवायचा आणि मग कपाटांच्या किल्ल्या अधीक्षकांच्या हाती द्यायच्या, एवढंच काम उरलं होतं.

मुलं कपाटांच्या खोलीत शिरली, तर आजोबा एका उघड्या कप्प्यासमोर नुसते उभे होते.

"इथेच होता," ते पुटपुटले. "कवकांचं कपाट, तिसरा कप्पा. सहाशे अकरा आहे, सहाशे तेरा आहे. सहाशे बारा नाही!"

"दुसऱ्या कपाटात गेला असेल," भोंगा म्हणाला.

"अरे, इथे प्रत्येक जिवाला पत्ता असतो. आधी पहिला प्रश्न, सजीव की निर्जीव? सजीव असेल तर सृष्टी कोणती? प्राणी, वनस्पती, कवक म्हणजे बुरशी, की आणखी कुठली? मग संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती. मोठ्या घोळक्यातून लहान घोळक्यात येत येत शेवटी नेमक्या दारात पोचायचं. असा कुठलाही खोका कुठेही जात नाही!"

"गोगलगायीचा पत्ता काय?" शंकाने लगेच विचारलं.

"प्राणीसृष्टी, मृदुकाय संघ. ऑक्टोपसही त्याच संघातला."

"बघ! माझे नातेवाईक किती जोरदार आहेत!" गोगल्या म्हणाला. एरवी आजोबा खळखळून हसले असते. आज ते हसले नाहीत.

तेवढ्यात अधीक्षक आत आले. ते दोन महिन्यांपूर्वीच रुजू झाले होते. चहा उभ्याने पिणारे आणि दुसऱ्याचं वाक्य स्वतःच पुरं करणारे. मुलांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव घाईसाहेब ठेवलं होतं.

"काका, मिळाला? नाही ना! मीसुद्धा दोनदा बघितलं. वयाप्रमाणे विसरायला होतं, त्यात काय एवढं! पण मला अहवालात 'नमुना हरवला' असं लिहावं लागेल. तुमच्या ताब्यात असताना."

भोंग्याने भांडायला तोंड उघडलं. पण आजोबाच हळूच म्हणाले, "असेल साहेब, माझंच चुकलं असेल. हल्ली चष्मा कपाळावर असतो आणि मी तो घरभर शोधतो."

घाईसाहेब आले तसे निघून गेले. आजोबा स्टुलावर बसले. चाळीस वर्षांत एकही खोका न हरवलेला माणूस स्वतःच्या डोक्यावरच संशय घेत होता. खोक्याचं एक वेळ राहू दे, पण आजोबांना असं बघवत नव्हतं.

"चार वाजायला अजून अडीच तास आहेत," गोगल्या म्हणाला. "शोधायचा म्हणजे शोधायचा!"

त्याने कप्पा पूर्ण बाहेर ओढला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"अरे, काय ध्यान लावून बसलायस?" भोंगा वैतागला.

"तळाचा कागद बघ. सगळा पिवळा पडलाय, पण इथे एक चौकोन पांढरा आहे. म्हणजे इथे वर्षानुवर्षं एक खोका होता. आजोबांना बरोबर आठवतंय!"

आजोबांनी मान हलवली. "खोका होता, हे मलाही ठाऊक आहे रे. पण मग तो मी कुठे ठेवला?"

शंका त्यांच्या गुडघ्याशी येऊन बसली. "आजोबा, त्यात होतं तरी काय?"

"दगडफूल. नावावर जाऊ नकोस, ते फूलबिल काही नसतं. खडकावर, झाडाच्या सालीवर राखाडी पापुद्रे दिसतात ना, ते. गंमत म्हणजे तो एक जीव नसतोच. एक कवक आणि एक शैवाल मिळून संसार करतात. कवक घर बांधतं आणि ओल धरून ठेवतं. शैवाल उन्हात बसून दोघांचं जेवण तयार करतं."

"मग त्याला कवकांच्या कपाटात का ठेवलं?"

"शास्त्रज्ञ दगडफुलाला त्यातल्या कवकाच्या नावाने ओळखतात, म्हणून."

"हा अन्याय आहे!" शंका ताडकन उठली. "जेवण शैवालाने करायचं आणि पाटी कवकाची?"

आता मात्र आजोबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तुझी आजी अगदी हेच म्हणायची, याच खोलीत. ती इथे नावपट्ट्या लिहायची ना! हा नमुना आम्ही दोघांनीच आणला होता, लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत. डोंगरावर तिला दिसला, आणि खाली येईपर्यंत ओझं मी वाहिलं. मग पाटी एकट्या कवकाचीच का, यावरून ती माझ्याशी दोन दिवस भांडत होती."

आजीला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"आजी भांडून गप्प बसली असेल?" शंकाने विचारलं. "आपल्या आजीला ते जमायचं का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजी गप्प बसणं शक्यच नव्हतं! तिने शैवालाची बाजू कुठेतरी लिहून ठेवलीच असणार.

"शैवालांचा कप्पा कुठे आहे, आजोबा?" शंका म्हणाली.

तो समोरच्या भिंतीला होता. कवकांचा नमुना तिथे कोण शोधणार? शंकाने एकेक खोका हलक्या हाताने उचलला. अगदी मागे, शेवटच्या खोक्याखाली एक कार्ड होतं. अक्षर गोल, टपोरं. ते पाहताच आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि तिला म्हणाले, "तूच वाच."

शंका वाचू लागली. "'हे शैवाल इथे राहत नाही. त्याचा मुक्काम कवकांच्या कपाटात, तिसरा कप्पा, खोका ६१२. तळहाताएवढा काळा दगड, वर राखाडी पापुद्रा, त्यावर केशरी ठिपके. दगडाच्या पोटाला पांढऱ्या रंगात आकडा लिहिला आहे. पाटीवर नाव नसलं म्हणून कुणी याला विसरू नये.'"

आजोबांनी शंकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गोगल्याचं मात्र दुसरंच चाललं होतं. "काळा दगड… तळहाताएवढा… भोंग्या, तुझा अंगठा दाखव."

"आत्ता? आता बरा आहे तो."

"दाखव म्हणतो ना! कशावर आपटला होतास?"

भोंग्याचे डोळे विस्फारले. पुढच्या क्षणी तिघं बोळातून धावत सुटली, आणि आज गोगल्या सगळ्यांत पुढे होता!

भोंग्याने दारातला दगड ओढून काढला. त्याबरोबर दार धाडकन मिटलं आणि आत फोनवर बोलणारे घाईसाहेब खुर्चीतून उडाले. दगडाची भिंतीकडची बाजू राखाडी होती. त्यावर केशरी ठिपके होते. आणि पोटाला, पुसट पण वाचता येईल असा आकडा, ६१२!

"काय चाललंय काय?" दार उघडून घाईसाहेब गरजले.

"सर, हा दगड इथे कसा आला?" शंकाने विचारलं.

"तो? आठवड्यापूर्वी काका तापाने घरी होते, तेव्हा मी ते कवकांचं कपाट आवरलं. जुन्या खोक्यांना कसर लागली होती, काहींवरचे आकडेही गेले होते. त्यातले सगळे नमुने नव्या खोक्यांत भरले. एकात कुणीतरी उगाच दगड ठेवला होता, तो दाराला…" त्यांनी आकडा पाहिला आणि वाक्य पुरं केलंच नाही. ते पहिल्यांदाच घडत होतं.

"पण मी तर झाडपाला शोधत होतो!" ते पडेल आवाजात म्हणाले.

"आजोबांचा पहिला प्रश्नच तुम्ही विचारला नाहीत सर," शंका म्हणाली. "सजीव की निर्जीव?"

चार वाजता संशोधक बाई आल्या. खिडकीशी उभं राहून त्यांनी भिंगातून तो पापुद्रा बराच वेळ न्याहाळला.

"सुंदर! या जातीचा इतका जुना नमुना मी दुसरीकडे पाहिला नाही. एक कोपरा तेवढा खरवडलाय."

"तो बहुतेक माझ्या अंगठ्याने," भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"नाही," घाईसाहेब म्हणाले. "माझ्या घाईने." मग ते आजोबांकडे वळले. "काका, तुम्हाला सगळं नीट आठवत होतं. मी मात्र नीट बघितलं नाही. चुकलं माझं. आज किल्ल्या घेत नाही. आधी ही कपाटं मला शिकवा, मग घेईन."

"शिकवतो की. पण बसून शिकावं लागेल साहेब," आजोबा म्हणाले, आणि घाईसाहेबांनी निमूटपणे स्टूल ओढलं.

सगळी हकिगत ऐकून बाईंनी तिघांशी हात मिळवले. "बघणारा, विचारणारी आणि ठेचकाळणारा! आमच्या कामाला तिघंही लागतात बरं का!"

नवा खोका आला. दगड त्यात ठेवून आजोबांनी वर नीट अक्षरात ६१२ लिहिलं.

"आजोबा, आजीचं कार्ड घरी न्यायचं ना?" भोंग्याने विचारलं. "तुमच्याजवळ ठेवायला?"

आजोबांनी कार्डावरून अंगठा फिरवला. त्यांनाही ते न्यावंसं वाटत होतं. पण ते उठले, समोरच्या भिंतीपाशी गेले आणि त्यांनी कार्ड शैवालांच्या कप्प्यात शेवटच्या खोक्याखाली परत सरकवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "पुढे कधी आपल्या शंकासारखं कुणी भांडत आलं, तर त्याला तुमची आजी इथेच सापडायला हवी."