पाठमोरा

काराकोलच्या बाजारात आशलान-फूच्या गल्लीत दुपारी जेवायला जायचं, तर आधी रांगेतल्या दहा-बारा जणांची मतं पचवावी लागतात. त्या गुरुवारी रांगेत विषय एकच होता – 'बर्फाखालचं घर' या मालिकेचा शेवट. मालिका संपून तीन आठवडे झाले होते, पण बाजार ती संपू द्यायला तयार नव्हता. वरून पाऊस आणि हिम एकत्र पडत होतं. आशलान-फूचा, म्हणजे थंडगार आंबट-तिखट शेवयांचा, वाडगा कधी हातात पडतोय, याची वाट बघत उरमात रांगेत उभा होता. एका हातात मधाचा डबा, आणि तोंडाला घट्ट कुलूप.

मालिकेने अख्ख्या गावाला वेड लावलं होतं. डोंगरात हरवलेला नवरा, त्याला शोधत फिरणारी बायको, आणि ज्याच्यावर सगळा संशय तो दीर. शेवटच्या प्रसंगात दारावर थाप पडते. बायको दार उघडते, आणि आपल्याला दिसते ती फक्त उंबऱ्यात उभ्या माणसाची, हिमाने भरलेली पाठ. ती त्याच्याकडे बघते... आणि पडदा काळा. आला तो कोण? जिवंत परतलेला नवरा, की तिचाही काटा काढायला आलेला दीर? दिग्दर्शक तोंड उघडत नव्हता, त्यामुळे घराघरांत दोन तट पडले होते.

"नवराच आहे तो," उरमातच्या अगदी पाठीमागून एक आवाज म्हणाला. "डावा खांदा बघा ना. बोटभर खाली आहे. चौथ्या भागात नवऱ्याचा डावाच खांदा मोडतो."

"तुझं शिवणकाम तुझ्याजवळ ठेव, परिझात," वाडगे भरता भरता झूरा एजे म्हणाली. ती त्या गाड्याची मालकीण, सगळ्या बाजाराची एजे म्हणजे थोरली ताई, आणि दीरपक्षाची पुढारी. "भला माणूस दार वाजवून असा मुका उभा राहत नाही. दीर आहे तो."

उरमातला हसू फुटलं. ते दाबायच्या आत तो मागे वळला होता. मागे एक मुलगी उभी होती – गळ्यात मोजपट्टी, बाहीवर खडूचे ओरखडे, भुवयांवर वितळत चाललेलं हिम. ती किती वेळ आपल्या मागे उभी आहे, हे त्याला माहीत नव्हतं. तिने त्याच्याकडे असं काही रोखून पाहिलं, की त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"हसायला काय झालं?"

"काही नाही... म्हणजे, नवराही नसेल आणि दीरही नसेल."

"मग कोण?" तिने त्याच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "मधवाला?"

सगळी रांग हसली. उरमातचे मात्र कान तापले. कारण उत्तर बरोबर होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या डोंगरातल्या गावात चित्रीकरण चाललं होतं. शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी खिंड बंद झाली आणि नट पलीकडेच अडकला. दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं. चहासाठी मध घेऊन आलेला उरमात दिसला. त्याच्या अंगावर कोट चढवला, खांद्यांवर हिम टाकलं, आणि काम झाल्यावर गरम सूपचा वाडगा हातात देऊन कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं. लहानपणापासून मधाचे डबे डाव्या खांद्यावर वाहिलेले, त्यामुळे तो खांदा बोटभर उतरलेला. एवढ्याशा गोष्टीवर या मुलीने अख्खा नवरापक्ष उभा केला होता.

शहाण्या माणसाने त्या गल्लीची वाट टाळली असती. उरमात पुढच्या गुरुवारी तिच्या दुकानात गेला. दुकान म्हणजे बाजारातला एक जुना लोखंडी कंटेनर, आत शिवणयंत्र आणि चहाची किटली. त्याने आधी जाकिटाची चेन दुरुस्त करून घेतली. मग एक बटण. मग दुसरं बटण, जे त्याने वाटेत स्वतःच्या हाताने तोडलं होतं, आणि ते तिला बरोब्बर कळलं.

"धागा कापलेला दिसतोय," ती म्हणाली.

"मधमाश्यांनी."

"हुशार आहेत तुमच्या माश्या. कात्री चालवतात."

पण एक पथ्य तो कटाक्षाने पाळायचा. तिला पाठ दाखवायची नाही. निघताना तो तोंड तिच्याकडे ठेवून, उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचा. एकदा कापडाच्या ताग्यांवर आदळला, एकदा गल्लीतल्या बटाट्याच्या पोत्यात बसला. आमच्याकडे नवी सून सासरच्या मोठ्यांना पाठ दाखवत नाही, त्यामुळे झूरा एजेला आयतंच सापडलं. दुसऱ्याच आठवड्यापासून सगळा बाजार त्याला सूनबाई म्हणायला लागला. त्याने तेही सोसलं, कारण प्रेमात पडलेल्या माणसाला लाज जरा कमीच असते.

परिझातच्या यंत्रासमोर भिंतीवर त्या शेवटच्या प्रसंगाचं चित्र चिकटवलेलं होतं. टाके घालता घालता ती मध्येच मान वर करून त्या चित्राकडे बघायची. उरमात समोर बसून तिचा चहा प्यायचा आणि स्वतःच्याच पाठीवर जळायचा. आपण इथे हाडामांसाचे बसलोय, आणि ही त्या कागदाकडे बघतेय...

एकदा तिने आपणहून सांगितलं. तिचे वडील नऊ वर्षांपूर्वी रशियात कामाला गेले. दोन वर्षं फोन येत राहिले, मग थांबले. आईने मालिकेचा शेवट सात वेळा पाहिला होता आणि सातव्या वेळी म्हणाली होती, बघ, येतात माणसं परत. हे सांगताना परिझातचे हात थांबले नाहीत, फक्त टाके जरा वाकडे पडले.

त्या दिवशी उरमातला चहा गोड लागला नाही. खरं सांगावं, तर एका आईच्या सात वेळा पाहिलेल्या आशेवर मधाच्या डब्यासारखं झाकण बसणार. न सांगावं, तर जिच्यावर जीव जडला तिच्याच घोटभर चहासाठी दर गुरुवारी चोरासारखं बसायचं. असं किती दिवस चालणार होतं? आणि तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर ती पुन्हा तोंडही बघणार नाही, याची त्याला खात्री होती.

त्यातच परिझातने जाहीर केलं की ती पडद्यावरचा तो कोट हुबेहूब शिवणार. रविवारी झूरा एजेच्या गाड्यासमोर तो एका माणसाला घालायला लावणार, आणि खांद्याचा निकाल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लावणार. तो माणूस म्हणून तिने उरमातला विचारलं.

"मी नको," तो घाईघाईने म्हणाला. "माझे खांदे सरळ आहेत."

"हो का," ती म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं, डोंगर अगदी हाताशी आल्यासारखे दिसत होते. उरमात सकाळीच तिच्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. आतमध्ये कोट खुंटीवर टांगलेला होता. रात्रभर त्याने वाक्यं जुळवली होती, आणि आता त्यातलं एकही सापडत नव्हतं.

"मला तुम्हाला एक सांगायचंय. पण न सांगायचं वचन दिलंय."

"मग सांगू नका. कोट घाला."

त्याने हात घातले. कोट अंगावर असा बसला, जसा त्याच्या बापाचाही कोट कधी त्याला बसला नव्हता. डाव्या खांद्याला बोटभर उतार. बाह्या बरोबर मनगटापर्यंत. छातीवर बटणं अलगद लागली... आणि तिथे तो थबकला. पडद्यावर छाती कुठे दिसत होती? बाह्याही दिसत नव्हत्या, हात पुढे होते. मग हे माप आलं कुठून?

परिझात त्याच्याकडे बघत होती. या वेळी चित्राकडे नाही.

"त्या दिवशी रांगेत वीस मिनिटं मी तुमच्या मागे उभी होते," ती म्हणाली. "तीन आठवडे जी पाठ बघितली, ती मला कळणार नाही? बाकीची मापं तुम्हीच दिलीत. दर गुरुवारी तोंड माझ्याकडे करून उलटे चालत होतात ना."

उरमातला बटाट्याचं पोतं, सूनबाई, सगळं एकदम आठवलं.

"मग गप्प का राहिलात?"

"पहिल्या दिवशी घरी जाऊन रडले. नंतर राग आला. मग वाटलं, बघू या, हा स्वतःहून सांगतो का." ती जवळ आली. तिचा आवाज खाली उतरला. "आता एकच सांग. त्या दारात उभा होतास, तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

तिने पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं होतं. त्याने डोळे मिटून तो दिवस आठवला.

"मला एवढंच सांगितलं होतं, की फार वर्षांनी घरी आलायस. मला बोलायला वाक्य नव्हतंच. मी फक्त विचार करत होतो... हिने आत घेतलं नाही, तर मी जाणार कुठे."

तिने डोळे पुसले आणि ती हसली.

"म्हणजे नवराच होता. मी सांगत होते ना."

"आणि तुझी आई?" त्याने भीत भीत विचारलं. "तिला काय सांगायचं?"

"तिला मी केव्हाच सांगितलं. ती म्हणाली, माझा आता येत नाही, हे मला कळतं गं. पण हा जो कोण आहे, त्याला फार वेळ थंडीत उभा ठेवू नकोस."

उरमातने तिच्याकडे पाहिलं, आणि मग सावकाश वळून तिच्याकडे पाठ केली. तिने दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांवर ठेवले, डावा जरा खाली. मग कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं. जाड कोटातूनही त्याला तिचा श्वास कळत होता.

"तू मला आवडतेस," तो समोरच्या शिवणयंत्राला म्हणाला.

"मला ऐकू आलं," ती मागून म्हणाली. "मलाही."

दुपारी झूरा एजेच्या गाड्यासमोर पन्नासएक माणसं जमली. उरमात गर्दीकडे पाठ करून उभा राहिला, आणि बायकोच्या जागी परिझात त्याच्यासमोर. वचन पाळायचं म्हणून दोघंही काही बोलली नाहीत. गर्दीत मात्र खांदा उतरलेला दिसतो की नाही, कोट ओढला तर नाही ना, यावर वाद पेटला. झूरा एजे हातात पळी धरून पुढे आली. तिने पाठीकडे पाहिलंच नाही. ती परिझातच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"पुरे झालं," ती शेवटी म्हणाली. "हरले मी. दिराकडे कुणी असं बघत नाही."

आणि तिने दोन वाडगे भरून त्यांच्यासमोर ठेवले.